दोन गुणांचा प्रश्न

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. दहावी, 1989 ची तुकडी.)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘बँकेतील अनुभव’. बँकेतले अनुभव कोणी ऐकत नाही, हा माझा बँकेतलाच अनुभव आहे. शिवाय बाहेर वडे तळायला घेतल्याचा वास येतो आहे. तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीतले फक्त चौदा महिने सांगते. जून 2015 ते ऑगस्ट 2016. तेव्हा मी पैठणला होते. जिल्हा तेव्हाचा औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर.

सुरुवात मात्र आपल्या नववीच्या वर्गातून करते, कारण भूगोलाच्या बाई समोरच बसल्या आहेत. बाई, तुम्ही चाचणीत एक प्रश्न हमखास घालायचात: पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय? गुण दोन. आम्ही सगळे घडाघडा लिहायचो. सह्याद्रीच्या पश्चिमेला वारे अडतात, तिथे भरपूर पाऊस पडतो. पलीकडच्या बाजूला कमी पडतो, तो पर्जन्यछायेचा प्रदेश. सोबत डोंगराची आकृती, डावीकडे ढग, उजवीकडे एक वाळकं झाड. हे लिहीत असताना वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकवलेल्या पन्नास छत्र्यांमधून पाणी गळत असायचं आणि फरशीवरून वाहत पहिल्या बाकापर्यंत यायचं. मला दोनपैकी दोन मिळाले होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी त्या आकृतीतल्या वाळक्या झाडाकडे जाऊन राहिले.

बढती झाली आणि एक रिकामी जागा भरायला तात्पुरती नेमणूक पैठणला आली. घरात सुतक पडल्यासारखं झालं. सासूबाई म्हणाल्या, “मराठवाड्यात? काय गुन्हा केलास?” आपल्याच वर्गातल्या एकाने (तो आज इथे आहे, नाव घेत नाही) फोन करून विचारलं की तिकडे मासे मिळत नाहीत, तर जिवंत कशी राहणार? खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. मराठवाडा म्हणजे दुष्काळ, आणि दुष्काळ म्हणजे पेपरातला भेगाळलेल्या जमिनीचा फोटो. एवढंच ज्ञान.

जूनचा तिसरा आठवडा. चिपळूणहून रात्री निघाले. कुंभार्ली घाटात पाऊस असा की काचेपलीकडचं काही दिसेना. पाटणला जोर ओसरला, कराडला नुसती भुरभुर. पुण्यात गाडी बदलली. पहाटे नगरच्या पुढे जाग आली, खिडकी सरकवली तर तोंडावर धूळ आली. माझी छत्री अजून पायाशी ओली होती. बाई, तुमची आकृती मी एका रात्रीत डावीकडून उजवीकडे ओलांडली.

पहिले काही दिवस सगळ्याच गोष्टींचं नवल वाटत होतं. कपडे अर्ध्या तासात वाळायचे. मिठाच्या बरणीत मीठ सुटं राहायचं. आगपेटी कधी सर्दावली नाही. ओठ मात्र फुटले. आणि माठ! आपल्याकडे माठातलं पाणी माठाबाहेरच्या पाण्याइतकंच कोमट असतं. तिथे मे महिन्यात बेचाळीस अंशांत माठातलं पाणी दाताला कळ आणायचं. घरमालकीण मावशींना त्याचं नवल वाटेना. मग माझ्या लक्षात आलं, माठ पाझरतो आणि ते पाणी वाळतं, तेव्हा गारवा येतो. आपल्या दमट हवेत ते वाळणार कसं? वाळ्याच्या ताट्यांचा कूलरही त्याच कारणाने तिथे चालतो आणि इथे नुसता आवाज करतो. तेव्हा ज्यांनी चिपळुणात कूलर घेतलेत, त्यांनी ते मराठवाड्यात विकावेत.

भाषेची गंमत वेगळीच. शाखेत पहिल्याच आठवड्यात एक शेतकरी काउंटरवर येऊन म्हणाले, “मॅडम, काहून ओ पैसे आले नाई?” मला ‘काहून’ कळलं नाही. शिपायाने सांगितलं, ‘काहून’ म्हणजे ‘का’. रविवारी औरंगाबादला गेलं तर गुलमंडीवर ‘नक्को’ आणि ‘हौ’ ऐकू यायचं. तिथला नान-खलिया मी खाल्ला नाही, नवऱ्याने दोन भेटींत सात वेळा खाल्ला. पण फजिती झाली ती ‘रोही’वरून. डिसेंबरात एक जण सांगत आले, “रात्री रोही आलते, समदा हरभरा खाऊन गेले.” मी निघण्यापूर्वी पक्ष्यांच्या पुस्तकात वाचलेलं होतं की जायकवाडीला फ्लेमिंगो येतात आणि मराठीत त्यांना रोहित म्हणतात. मी आनंदाने विचारलं, “किती होते? गुलाबी होते का?” ते माझ्याकडे बघतच राहिले. रोही म्हणजे नीलगाय. त्यानंतर वर्षभर शाखेत कोणी रजेवर गेलं की म्हणायचे, मॅडम, तो गुलाबी रोही बघायला गेला.

पाण्याचं मात्र हसण्यावारी नेता येत नव्हतं. पैठण म्हणजे जायकवाडी. गावाच्या उशाशी नाथसागर, जवळजवळ दहा किलोमीटर लांबीचा बांध, सत्तावीस दरवाजे. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी झाली, 1976 ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. आणि मी राहत होते तिथे नळाला पाणी चार दिवसांनी. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण आपण वाक्यात उपयोग करायला शिकलो. तिथे ती कुणी म्हण म्हणून वापरत नाही, पत्ता सांगितल्यासारखी सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळ सोडून दात घासत होते. मावशी स्वयंपाकघरातून आल्या, काही न बोलता नळ बंद केला आणि एक पितळी तांब्या माझ्या हातात दिला. तेवढा तांब्या. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पपईला. आंघोळ मोठ्या घमेल्यात बसून, ते पाणी संडासाला. मला आधी राग आला. आपण पाण्याचे श्रीमंत लोक; श्रीमंताला कोणी हिशेब विचारला की राग येतोच.

2014 चा पाऊस वाईट गेला होता, 2015 त्याहून बरा गेला नाही. मराठवाड्याची सरासरी सातशे मिलिमीटरच्या आत. त्या साली त्यातला साठेक टक्केच पडला. आपल्याकडे वर्षाला तीन हजारांच्या पुढे पडतो. म्हणजे त्यांचा अख्खा पावसाळा आपण जुलैच्या दोन-तीन आठवड्यांत संपवून टाकतो आणि वर कंटाळा आला म्हणतो. ऑगस्टमध्ये पीकविम्याच्या रांगेत उभी असलेली माणसं शाखेत शिरताना आधी आभाळाकडे बघायची. सवयच ती. मीही बघायला लागले.

जानेवारीत मी फ्लेमिंगो पाहिले. खरे, गुलाबी. औरंगाबादच्या एका कॉलेजातले प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन पक्षी मोजायला यायचे, त्यांच्याबरोबर पहाटे सोनेवाडीच्या काठावर गेले. 1986 पासून जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. थंडी अशी की माझा मफलर कमी पडला. हाही एक शोध, आपल्याला मफलर फक्त गाडीत लागतो. उजाडलं तेव्हा लांब पाण्यात एक फिकट पट्टा दिसला, आणि तो चालत होता. मान खाली, चोच उलटी धरून चिखलातून पाणी गाळत. रंगही त्यांना त्या खाण्यातूनच येतो, हे मला तिथे कळलं. त्यांच्या अलीकडे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले बदक होते, हिमालय ओलांडून आलेले. मी चुकून बदक म्हटलं. प्राध्यापकांनी लगेच दुरुस्त केलं: पट्टकादंब, हंसाच्या जातीतला. चक्रवाक होते, थापटे होते, आणि नावं न कळलेले शेकडो पाणटिवळे.

मी विचारलं, दुष्काळात एवढे कसे? ते म्हणाले, धरण तुडुंब असलं की काठाला खोल पाणी, या पक्ष्यांना उभं राहायला जागा नाही. पाणी उतरलं की उथळ चिखल उघडा पडतो, त्यांचं ताट वाढलं जातं. मला ते ऐकून जरा अपराधी वाटलं. आदल्याच दिवशी मी सात शेतकऱ्यांचे कर्जाच्या पुनर्गठनाचे अर्ज घेतले होते आणि आज त्याच उतरलेल्या पाण्यावर हरखून गेले होते. पण ते ताटही फार दिवस टिकलं नाही. पाणी जसं मागे सरकलं तशी गाळपेऱ्याची पेरणी पुढे सरकली, पार पाण्याच्या ओठापर्यंत, आणि मार्चमध्ये गेले तेव्हा तिथे गहू कापून झालेला होता, पक्षी नव्हते. गाळपेर करणाऱ्यांना दोष देणं मला जमत नाही. या धरणाखाली शंभराहून जास्त गावं गेली. आमच्या एक खातेदार आजी होत्या, अंगठा उठवायच्या. त्यांनी मला काठावरून चिखलात वर आलेल्या दगडी पायऱ्या दाखवल्या. म्हणाल्या, “ते आमचं देऊळ. चाळीस वर्सांत तिसऱ्यांदा दिसलं.” त्यांनी पदराच्या गाठीतून हळद-कुंकू काढलं आणि चिखल तुडवत निघाल्या. दुष्काळ पडला की त्यांना माहेर दिसायचं.

मार्चअखेर नाथषष्ठी आली. बँकेत मार्चएंड आणि गावात लाखो वारकरी, दोन्ही एकदम. रात्री अकराला शाखा बंद करून बाहेर पडले तर रस्त्यावर दिंड्या झोपलेल्या, मृदंग उशाला घेऊन. नाथांच्या वाड्यात एक रांजण आहे. श्रीखंड्याच्या रूपाने देवाने बारा वर्षं ज्यात पाणी भरलं तो हा रांजण, अशी श्रद्धा. तुकाराम बीजेपासून लोक त्यात पाणी घालतात. कितीही घातलं तरी तो भरत नाही, देवाची घागर पडली की भरून वाहतो, असं मानतात. आपण एकनाथांची गाढवाला कावडीतलं पाणी पाजल्याची गोष्ट दुसरीत वाचली. मला ती दयेची गोष्ट वाटायची. त्या वर्षी पैठणला उभं राहून ती मोजमापाची गोष्ट वाटली: काशीहून इतके महिने वाहून आणलेलं पाणी, आणि ते ओतून टाकायला लागलेला एक क्षण. मावशींनी मला चार दिवसांच्या पाण्यातला एक कळशीभर वाटा दिला आणि म्हणाल्या, जा, घालून या. त्यांनी तो कुठून वाचवला ते मी विचारलं नाही.

एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं, ते तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं असेल. सुरुवातीला दहा वाघिणी, पुढे पन्नास. त्याच एप्रिलमध्ये मला पाचोडजवळ एका बागेची पाहणी करायला जावं लागलं. मला खरं तर आज हेच सांगायचं होतं.

पाचोड हा मोसंबीचा पट्टा. आपल्याकडे हापूस, तसं तिकडे मोसंबी. या बागेचे मालक साठीचे होते, सगळे त्यांना आबा म्हणत, मीही म्हणू लागले. दोन एकर, बारा वर्षांची झाडं. 2012-13 च्या दुष्काळात त्यांनी टँकरने पाणी विकत आणून बाग जगवली होती आणि त्यासाठी कर्ज काढलं होतं. ते कर्ज फिटत आलं आणि पुन्हा पाणी गेलं. विहिरीत काही नाही, बोअर तीन मारले, तिन्ही कोरडे. आता त्यांना कर्जाचं पुनर्गठन हवं होतं आणि मला झाडांची स्थिती लिहायची होती.

दुपारचे चार. बागेत शिरताना आधी आवाज ऐकू आला. फांद्यांवर लिंबाएवढी वाळलेली फळं लटकत होती आणि वारा आला की एकमेकांवर आपटत होती. पानं पन्हाळीसारखी वळलेली. तोडणारी माणसं बांधावर बसलेली होती, कुऱ्हाडी बाजूला ठेवून. आबा म्हणाले, “सकाळीच बलावले होते. पन तुमी येनार म्हणून थांबवलं. बँकेनं बघायच्या आत तोडली, तर तुमीच म्हनाल झाडं नव्हतीच.” यावर मी काय बोलणार? असं म्हणणारे आम्ही असतोच.

मग आम्ही दोघं झाडं मोजत निघालो. माझे वडील कलमांच्या बागेत करायचे तेच आबा करत होते: नखाने साल जराशी खरवडायची. आत हिरवं दिसलं तर झाड आहे. तपकिरी दिसलं तर नाही. पहिल्या ओळीनंतर मीही खरवडायला लागले. बारा वर्षांचं झाड, आपल्या मनगटाच्या तिप्पट जाड, आणि त्याचा निकाल नखाएवढ्या जागेत. दोनशे बारा झाडं. हिरवी एकतीस. अंधार पडेपर्यंत माझ्या नखांत साल भरली होती.

मध्ये एकदा ते थांबून म्हणाले, “आमी झाडाला ताण देतो, मॅडम. डिसेंबरात पानी तोडायचं, पानं गळू द्यायची, मंग जानेवारीत पानी सोडायचं. तवा फूल लागतं. ताण आमाला माहीत हाये. पन त्यो आमच्या हातातला असतो.”

बांधावर बसून चहा घेतला. पाणी किती घातलं असेल ते मला कपावरून कळलं. काहीतरी बोलायचं म्हणून, आणि आपल्या गावचा थोडा तोराही असेल, मी म्हटलं की आमच्याकडे कोयनेचं पाणी वीज तयार करून वाशिष्ठीत सोडतात, तिथून ते समुद्रात जातं. त्यांनी विचारलं, किती? मी सांगितलं, वर्षाला साधारण सदुसष्ट टीएमसी. आबा जायकवाडीच्या लाभक्षेत्रातले, टीएमसी त्यांना तोंडपाठ. नाथसागराचा उपयुक्त साठा साडेशहात्तर टीएमसी. ते थोडा वेळ गप्प राहिले. “म्हंजी भरलेला नाथसागरच की जवळजवळ. दर साली?” मी हो म्हटलं. “आन तुमी काय करता त्याचं?”

मला उत्तर सुचलं नाही. आता सुचतं: ते पाणी समुद्रसपाटीला आलेलं असतं, मध्ये सह्याद्री आहे, वर चढवायला पुन्हा वीज लागेल, वगैरे. ते सगळं खरंच आहे. पण तेव्हा सुचलं नाही, आणि बरं झालं. मी दुसरंच बोलून गेले. म्हटलं, आबा, आमच्या आजोळच्या वाडीलाही एप्रिल-मेमध्ये टँकर लागतो. ते हसले, त्यांना ती थाप वाटली. “तीन हजार मिलिमीटर पाऊस आन टँकर?” मी सांगितलं, जांभा दगड, पाणी धरत नाही, डोंगरावरून आलं तसं गेलं. तुमच्याकडे येत नाही, आमच्याकडे थांबत नाही. यावर ते माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले. तोवर मी बँक होते.

निघताना मी फॉर्म भरत होते. ‘बागेची सद्यस्थिती’ या रकान्यात मी लिहायला घेतलं, ‘बाग तोडण्यात येत आहे’. ते शेजारी उभे राहून वाचत होते. म्हणाले, “मॅडम, तोडली लिहू नका. वाळली लिहा. मी तोडली नाई.”

मी खोडून लिहिलं. त्या फॉर्मवर खाडाखोड चालत नाही, म्हणून बाजूला सही केली. नोकरीत मी हजारो सह्या केल्या असतील, लक्षात राहिलेली एवढीच.

जून 2016 ला पाऊस वेळेवर लागला. जुलैत जमीन हिरवी झाली, पण धरण भरतं ते पैठणच्या पावसाने नाही, नाशिककडच्या पावसाने. त्यामुळे शाखेत आलेला प्रत्येक माणूस आधी विचारायचा, “वर किती झालाय?” 2 ऑगस्टला नाशिकला गोदावरीला पूर आला. आमचा रोखपाल नाशिकच्या मेव्हण्याला फोन लावून विचारत होता, “दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला?” तिथल्या गोदाघाटावरची ती मूर्ती, तीच त्यांची मोजपट्टी. जसजसा मारुती बुडत गेला तसतसा पैठणला आनंद चढत गेला.

त्याच रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. दोन एसट्या आणि इतर गाड्या गेल्या. तुम्हा कोणालाच ती रात्र सांगायला नको. माझा भाऊ त्या संध्याकाळी मुंबईला निघणार होता, एसटीने की रेल्वेने ते ठरलेलं नव्हतं. पहाटे पाचपासून मी फोन लावत होते. लागत नव्हता. शाखेत तर जावंच लागणार होतं. तिथे लोक पेढे घेऊन आले होते, पाणी निघालंय, दोन दिवसांत पोचेल. मी काउंटरमागे उभी राहून पेढा हातात घेतला आणि तो तसाच धरून राहिले. आबा आले होते. त्यांनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं. त्यांनी पुडा पुन्हा पिशवीत ठेवला, मागे वळून बाकीच्यांना काहीतरी म्हणाले आणि शाखेतला आवाज बंद झाला. साडेअकराला भावाचा फोन आला. तो कोकण रेल्वेने गेला होता आणि गाडीत झोपला होता. मी ते मोठ्याने सांगितलं. तरी आबांनी पुडा बाहेर काढला नाही. म्हणाले, “तुमचा भेटला, बरं झालं. कुनाचे तरी भेटायचे असतील.”

ऑगस्टअखेर माझी नेमणूक संपली. नाथसागरात पाणी चढत होतं. मावशींनी तो पितळी तांब्या मला दिला. तो अजून आमच्या मोरीत आहे आणि घरात त्याच्यावरून भांडणं होतात.

इथे थांबणार होते, पण एक राहिलं. 22 जुलै 2021. चिपळूण पाण्यात होतं, तुमच्यातल्या निम्म्यांच्या घरातही होतं. आम्ही बाजारपेठेतल्या घरात वरच्या मजल्यावर बसलेलो, वीज नाही, फोनला नऊ टक्के बॅटरी. सकाळपासून नेटवर्क येत-जात होतं. अचानक फोन वाजला. आबा. त्यांनी नमस्कार नाही, काही नाही, थेट विचारलं, “मॅडम, पानी कुठवर आलंय?”

मी म्हटलं, जिन्याची सातवी पायरी.

“चढतंय का उतरतंय?”

मी बॅटरी मारून बघितलं. म्हटलं, अर्धा तास झाला, तिथेच आहे.

“मंग उतरन. फोन ठेवा, चार्जिंग ऱ्हाऊ द्या.”

दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा केला, तेव्हा आम्ही चिखल काढत होतो. तेव्हाच त्यांनी सांगितलं की 2017 ला त्यांनी शेततळं करून पुन्हा मोसंबी लावली आहे, एकच एकर. ती एकतीस झाडं त्यांनी तोडली नव्हती. त्यातली एकोणीस अजून आहेत. आंबे बहाराची फळं दिवाळीच्या सुमारास निघतात, म्हणून मी या मेळाव्याची तारीख त्यांना कळवली होती.

बाहेर जेवणाच्या टेबलांशेजारी दोन क्रेट ठेवलेत. हिरवट दिसतात म्हणून कच्ची समजू नका, तिकडची मोसंबी अशीच असते. एकेकाला दोन येतील असं मोजून पाठवली आहेत. बाई, तुम्हालाही दोनच.